अँब्युलन्स पोचेपर्यंतची दहा मिनिटं आणि एक दुचाकी

डिसेंबरातल्या संध्याकाळी कळंगुट-बागाच्या रस्त्यावर चारचाकी कशी चालते, हे बार्देशात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पायी निघालेला माणूस आधी पोचतो. त्या रस्त्यावरच्या एखाद्या हॉटेलात कुणी कोसळलं, तर १०८ ची मोठी गाडी कितीही जवळून निघाली तरी रांगेत अडकणारच. हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. कुणी छाती दाबत नसेल तर शॉक द्यायला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिरागणिक वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. दुचाकी रुग्णसेवेचा सगळा हिशेब या मिनिटांचा आहे.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगायला हवी. दुचाकी म्हणजे छोटी अँब्युलन्स नव्हे. मोठी गाडी येईपर्यंत रुग्ण टिकवून धरणं, एवढंच तिचं काम. जिथे जिथे ही सेवा फसते तिथे बहुतेक वेळा हेच विसरलेलं असतं. पेटीत नको ते भरलेलं असतं, गाडी इस्पितळाच्या आवारात उभी करून ठेवलेली असते, नाहीतर कॉल 'साधा' आहे म्हणून मोठ्या गाडीऐवजी एकटी दुचाकी धाडलेली असते.

कल्पना जुनी आहे. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेत १९९१ पासून मोटरसायकली आहेत. बंगळूरमध्ये २०१५ साली सरकारी बाईक अँब्युलन्स सुरू झाल्या, मुंबईत २०१७ साली. गोव्यात १०८ सेवा २००८ साली आली आणि आज तिच्या ताफ्यात दुचाक्याही आहेत. रुग्णाला मागे बसवून नेणाऱ्या दुचाक्याही आपल्या देशात आहेत, पण त्यांची गरज वेगळी आहे. डीआरडीओने २०२१ च्या जानेवारीत सीआरपीएफला दिलेली 'रक्षिता' ही बाईक जंगलातल्या जखमी जवानाला बाहेर काढण्यासाठी बनवलेली आहे, कारण तिथे चारचाकी जातच नाही. बंगालच्या जलपायगुडी भागात चहामळ्यांतल्या रुग्णांना स्वतःच्या बाईकवरून इस्पितळात पोचवणाऱ्या करीमुल हक यांना २०१७ साली पद्मश्री मिळाली. रस्ताच नसेल तिथे हे काम थोर आहे. गोव्यात मात्र बहुतेक वाड्यांपर्यंत डांबरी रस्ता आहे. इथे दुचाकीवर रुग्ण बसवला तर वाटेत छाती दाबता येत नाही, मान सांभाळता येत नाही, उलटी झाली तर श्वासनलिका मोकळी ठेवता येत नाही. साइडकार लावली तर गाडीची रुंदी वाढते आणि वाहनांच्या फटीतून निघण्याचा फायदाच जातो.

आता पेटी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

दीडशे ते सव्वादोनशे सीसीची बाईक घेतली तर तिचं स्वतःचं वजन साधारण दीडशे किलो. मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे, उंचावर, एक मोठी पेटी ठोकून तिच्यात सगळं भरलं की पुढचं चाक हलकं होतं. महामार्गावर वेग घेतला की हँडल डुलायला लागतं आणि ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक नीट पकडत नाही. म्हणून जड वस्तू खाली आणि पुढे. ऑक्सिजनचा सिलिंडर एका बाजूच्या पेटीत तळाला, तेवढ्याच वजनाचं एईडी (हृदयाला शॉक देणारं यंत्र) आणि सक्शन (घशातली घाण ओढून काढणारं यंत्र) दुसऱ्या बाजूला. वरच्या पेटीत फक्त हलकं आणि लगेच लागणारं सामान. पेट्यांची चौकट कंपनीच्या मूळ कॅरिअरवर बसवू नये. ते कॅरिअर पाच-सात किलोंसाठी असतं, खड्ड्यांत त्याचे जोड तुटतात. चौकट थेट चॅसीला बोल्ट करून घ्यावी, बोल्टच्या आट्यांना थ्रेड लॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा द्रव) लावावा आणि दर आठवड्याला पाना फिरवून पाहावं.

ऑक्सिजन किती पुरतो, याचा हिशेब पाठ हवा. पाण्याच्या मापाने २ लिटरचा सिलिंडर १५० बारपर्यंत भरला तर त्यात साधारण ३०० लिटर ऑक्सिजन असतो. शेवटचे २० बार राखीव धरले तर हाताशी उरतो २६० लिटर. पिशवीच्या मास्कने मिनिटाला १० लिटर दिला तर २६ मिनिटं. मोठी गाडी पंधरा-वीस मिनिटांत येणार असेल तर एवढं पुरेसं आहे, पण सिलिंडर अर्धाच भरलेला असेल तर नाही. म्हणून पाळी सुरू होताना गेज पाहायचं, आणि १०० बारच्या खाली असेल तर सिलिंडर बदलूनच निघायचं. ऑक्सिजन सरसकट सगळ्यांना लावायचाही नसतो. छातीत दुखतंय पण बोटावरचं मशीन रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के किंवा त्याहून जास्त दाखवतंय, तर त्याची गरज नाही. बिडी-सिगारेटने फुप्फुसं कायमची गेलेल्या माणसात ८८ ते ९२ एवढंच गाठायचं.

बाकीचं सामान असं: एईडी आणि पॅडचे दोन जोड, मोठ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), श्वासमार्ग मोकळा ठेवायला तोंडातून घालायचे एअरवे, हाताने चालवायचं सक्शन, टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा) दोन, दाबपट्ट्या, जाड गॉज, मानेचा पट्टा, बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर, कात्री, सुयांचा डबा, सलाइनच्या दोन बाटल्या. औषधं मोजकीच: अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅड्रेनॅलिन, ग्लुकोज, दम्याचं नेब्युलायझर किंवा स्पेसरसह पंप. सापाच्या विषावरची लस दुचाकीवर नको. तिच्या दहा-दहा कुप्या सलाइनमधून द्याव्या लागतात आणि दिल्यावर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी येऊ शकते. ते काम इस्पितळाचं. साप चावला असेल तर दुचाकीवाल्याने रुग्णाला चालू देऊ नये, चावलेला अवयव फळीने स्थिर करावा, कुणी करकचून दोरी बांधली असेल तर इस्पितळाला सांगून ती देखरेखीखाली सोडवण्याची तयारी ठेवावी आणि श्वासावर नजर ठेवावी.

इथली हवा सामानाचं काय करते, हेही सांगतो. बंद पेटी उन्हात उभी राहिली की आत सहज पन्नास अंशांपर्यंत तापते. बहुतेक एईडींची चालण्याची मर्यादाच पन्नास अंश असते. अ‍ॅड्रेनॅलिनला उष्णता आणि उजेड दोन्ही चालत नाहीत. त्यामुळे गाडी सावलीतच उभी हवी, पेटीचा रंग पांढरा हवा आणि औषधांचा डबा पाळी संपल्यावर काढून थंड खोलीत ठेवायला हवा. पावसाळ्यात दमटपणाने ग्लुकोमीटरच्या पट्ट्या खराब होतात आणि आकडा चुकीचा दाखवतात. डबीचं झाकण प्रत्येक वेळी घट्ट बंद करायचं, सुटी पट्टी खिशात ठेवायची नाही. ईसीजीच्या चिकट पट्ट्यांचं पाकीट फुटलं की त्या दोन-चार दिवसांत कोरड्या पडतात. खड्ड्यांच्या हादऱ्याने काचेच्या कुप्या फुटतात आणि गोळ्यांचा पाकिटातच भुगा होतो, म्हणून कुप्या फोममध्ये खाचा करून ठेवाव्यात. अंबू बॅग दाबून कोंबली तर महिन्याभरात तिचा आकार बिघडतो आणि दाबल्यावर ती पुरती फुगून येत नाही. बाहेरून पाहिलं तर ती ठीकच दिसते, आणि दोष कळतो तो रुग्णाच्या तोंडावर धरल्यावर. पेटीत तिला तिच्या पूर्ण आकाराची जागा द्यायची, बाकीचं सामान कमी झालं तरी चालेल.

आता प्रत्यक्ष पोचल्यावरचे पहिले दीड मिनिट. घराच्या किंवा हॉटेलच्या दाराशी गाडी मधल्या स्टँडवर, दिवे चालू, किल्ली खिशात. हेल्मेट समोरून वर उघडणारं असेल तर ते काढण्यात वेळ जात नाही आणि बोलणंही ऐकू जातं. रायडिंगचे ग्लोव्हज काढले की हात घामाने ओलेचिंब असतात आणि रबरी हातमोजा अर्ध्यावर अडकतो. हे गोव्यात रोजचं आहे. त्यावर उपाय साधा: पेटीच्या झाकणाला कोरडा छोटा टॉवेल आणि हातमोजे आपल्या मापाहून एक नंबर मोठे. एका हातात एईडी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात अंबू बॅग. शोधाशोध झाली तर पेटी चुकीची लावली आहे.

माणूस निपचित पडला आहे, श्वास नाही किंवा मधूनच एखादा आचका देतो आहे. आचक्याला श्वास समजू नये. खाटेवर असेल तर त्याला जमिनीवर घ्यायचं, कारण गादीवर छाती दाबली तर गादीच दबते. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तीसवेळा दाबून दोन श्वास. मग शेजाऱ्याला छाती दाबायला लावायचं आणि आपण एईडी उघडायचं. छाती ओली असेल तर आधी पुसायची, नाहीतर पॅड चिकटत नाही. किनाऱ्यावर आणि मच्छीमार वस्तीत हे हमखास लागतं. केस फार असतील तर एईडीसोबत ठेवलेला रेझर एकदा फिरवायचा. एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. गळ्यातली सोन्याची साखळी किंवा ताईत पॅडच्या जागेवरून बाजूला सरकवायचा, तो काढण्यात वेळ घालवायचा नाही. 'कुणीही हात लावू नका' असं मोठ्याने सांगून, स्वतः पाहून, मग बटण. शॉक दिल्यावर नाडी तपासत बसायचं नाही, लगेच पुन्हा छाती दाबायची.

एकट्या माणसाची खरी अडचण इथे दिसते. दोन मिनिटं नीट छाती दाबली की दमछाक होते आणि खोली कमी व्हायला लागते. करणाऱ्याला ते स्वतःला कळत नाही. म्हणून दुचाकीवरच्या माणसाला वैद्यकीय कौशल्याइतकंच लोकांना कामाला लावायचं कौशल्य हवं. 'कुणीतरी या' म्हटलं की कुणीच येत नाही. 'निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही इथे बसा, माझ्यासोबत मोजा' म्हटलं की माणूस येतो. 'बाय, तुम्ही फाट्यावर उभ्या राहा, मोठी गाडी आली की हात दाखवा.' घरच्यांपैकी एकाला औषधांचं पाकीट शोधायला पाठवावं. त्याने माहितीही मिळते आणि रडणारा माणूस कामाला लागतो. मदत करणाऱ्याच्या मनात पोलिसांची भीती असेल तर मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४ अ त्याला सांगावं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्या कलमाने संरक्षण दिलेलं आहे.

कोणत्या कॉलला दुचाकी पाठवायची? बेशुद्ध पडलेला, छातीत दुखणारा, धाप लागलेला, घशात काही अडकलेला, जोराने रक्त वाहणारा, आकडी आलेला, मधुमेही असून घामाघूम झालेला, मधमाशी किंवा कोळंबीने अंगावर गांधी उठून गळा दाटलेला. या सगळ्यांत पहिल्या काही मिनिटांत करण्यासारखं नेमकं काहीतरी असतं. गळा दाटला असेल तर १:१००० अ‍ॅड्रेनॅलिनचं अर्धं मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत, आणि पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा. हात-पाय तुटून रक्त उडत असेल तर जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर टूर्निकेट, सांध्यावर नव्हे, रक्त थांबेपर्यंत घट्ट, आणि लावल्याची वेळ त्याच पट्ट्यावर लिहायची. दुखतं म्हणून ते सैल करू नये. छातीत दुखत असेल तर अ‍ॅलर्जी नसल्याची खात्री करून ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायचं, आणि जमलं तर ईसीजी तिथेच काढून पुढे पाठवायचा. रुग्णाला जवळच्या आरोग्य केंद्रात न्यायचं की थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात), हे त्या कागदावरून लवकर ठरतं.

मात्र प्रत्येक कॉलला मोठी गाडी त्याच क्षणी सुटलीच पाहिजे. दुचाकीवाला पोचून काय सांगतो याची वाट पाहायची नाही. नको असेल तर ती वाटेतून परतवता येते. परतवण्याची घाईही धोक्याची आहे. साखर उतरलेल्या मधुमेह्याला ग्लुकोज दिलं की पाच-दहा मिनिटांत तो उठून बसतो, चहा मागतो, घरचे म्हणतात आता नको इस्पितळ. तो ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असेल तर तिचा असर तासन्‌तास राहतो आणि साखर पुन्हा खाली जाते, बहुतेकदा रात्री सगळे झोपलेले असताना. अशा रुग्णाला नेलंच पाहिजे. म्हणून गोळ्यांचं पाकीट पाहिल्याशिवाय गाडी परतवू नये.

दुचाकी कुठे उभी ठेवायची, यावर अर्धं यश अवलंबून आहे. इस्पितळाच्या फाटकात ठेवून उपयोग नाही. जिथे चारचाकी अडकते तिथेच, कोंडीच्या आत, ती हवी. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात, हंगामात कळंगुटच्या तिंट्यावर (बाजारचौकात), शिगम्याच्या मिरवणुकीला रस्ता बंद होण्याआधी पणजीत, जुन्या गोव्याच्या फेस्ताला (चर्चच्या सणाला) आणि शिरगावच्या लईराईच्या जत्रेला गर्दी जमण्याआधी आतल्या बाजूला. गर्दी जमल्यावर बाहेरून आत शिरणं बाईकलाही जमत नाही. अगदी दाट गर्दीत तर पिशवी पाठीवर घेऊन सायकल किंवा पाय, हेच खरं. लंडनमध्ये २००० सालापासून सायकलवरचे पॅरामेडिक आहेत ते याचसाठी. उलट सत्तरीत किंवा काणकोणात दुचाकीचा फायदा कोंडीमुळे नसून अंतरामुळे आहे. बसस्टँडवर उभी असलेली दुचाकी वाड्यावर पोचते तेव्हा मोठी गाडी अजून दुसऱ्या कॉलवर असू शकते.

दिवाडी, चोडण अशा बेटांचं गणित वेगळं आहे. फेरीबोट पलीकडच्या धक्क्याला असेल तर इकडे थांबण्यात दहा मिनिटं जातात. तिथे बाईक पाठवण्यापेक्षा एक एईडी आणि एक पिशवी बेटावरच, चोवीस तास उघड्या असणाऱ्या जागी ठेवणं आणि आठ-दहा जणांना शिकवणं जास्त कामाचं. किनाऱ्यावर भुसभुशीत वाळूत रस्त्याची बाईक रुतते. तिथे रुंद टायरची क्वाड बाईक किंवा जीप हवी. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून काम करणाऱ्या 'दृष्टी' या संस्थेच्या जीवरक्षकांशी वायरलेसने थेट बोलता आलं तर रस्त्यावरची बाईक नेमक्या उताराशी येऊन थांबते. बुडालेल्याच्या बाबतीत क्रम बदलतो हे लक्षात ठेवावं: आधी श्वास, मग छाती. पोट दाबून पाणी काढत बसू नये.

पत्ता हा गोव्यातला जुना प्रश्न. घर क्रमांकाने घर सापडत नाही. वाड्याचं नाव, जवळचा खुरीस (क्रूस), देऊळ, कुठल्या दुकानाकडून आत, हे विचारायला कॉल घेणाऱ्याला शिकवायला हवं. आणि इथे आपल्याकडे असं एक बळ आहे जे इतरत्र क्वचितच मिळेल: पिवळ्या-काळ्या मोटरसायकलींचे पायलट, म्हणजे भाडं घेऊन माणसाला मागे बसवून नेणारे चालक. प्रत्येक तिंट्यावर त्यांचा स्टँड आहे आणि गावातली प्रत्येक पाणंद त्यांना ठाऊक आहे. त्यांना छाती दाबायला आणि रक्त थांबवायला शिकवायला एक दिवस पुरतो. स्टँडवर एक एईडी टांगून ठेवला आणि १०८ च्या खोलीतून त्यांना फोन गेला, तर पगारी दुचाकी येण्याआधीच हात पोचलेला असेल. हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

चालवण्याबद्दल थोडं. थांबलेल्या वाहनांच्या मधून जाताना आपला वेग त्यांच्यापेक्षा ताशी पंधरा-वीस किलोमीटरहून जास्त नको, कारण कुणी अचानक दार उघडलं तर थांबता आलं पाहिजे. चौकात सिग्नल लाल असेल तर सायरन असूनही जवळजवळ थांबून, प्रत्येक लेनमधल्या चालकाशी नजर मिळवून मगच पुढे. काचा बंद करून गाणी लावलेल्या गाडीत सायरन पोचत नाही. वाट न देणाऱ्याला कलम १९४ ई खाली दहा हजारांचा दंड आहे, पण तो रायडर पडल्यावर उपयोगाचा नाही. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं तेव्हा तो सगळ्यात निसरडा असतो. पांढरे पट्टे, पुलांवरचे लोखंडी सांधे, खाणपट्ट्यात सांडलेली खनिजाची माती आणि रात्री कोरडं डांबर शोधून बसलेली गुरं, या चार गोष्टींनी इथे दुचाकी पडते. भर पावसात रात्री दुचाकी बाहेर काढू नये असंच माझं मत आहे. त्या वेळी रस्ते मोकळे असतात आणि मोठी गाडीही तितक्याच वेळात पोचते.

अपघाताच्या जागी मोठी गाडी जखमींच्या मागे आडवी लावून आडोसा करतात. दुचाकीने तसं करू नये, ती कुणालाच अडवत नाही. ती कडेला, आणि येणाऱ्या वाहनांच्या बाजूला पन्नास मीटरवर परावर्तक त्रिकोण. दिवे चालू ठेवून इंजिन बंद केलं तर ४० वॉटचा दिवा आणि सायरन बॅटरीतून तीन अँपिअरहून जास्त ओढतात. ८-९ अँपिअर-तासाची लहान बॅटरी त्यात लवकर बसते आणि आता बहुतेक गाड्यांना किकही नसते. म्हणून पोचल्यावर सायरन बंद, फक्त एक एलईडी चालू.

खारी हवा वायरिंगच्या जोडांना हिरवा गंज आणते. दर महिन्याला जोड उघडून पुसावेत आणि ग्रीस लावावं. साखळीला कोरड्या दिवसांत पाच-सहाशे किलोमीटरनी तेल, पावसात प्रत्येक ओल्या फेरीनंतर. टायर ट्यूबलेस, सोबत पंक्चरचं किट आणि छोटा पंप.

वेळ मोजताना 'गाडी पोचली' ही नोंद घेऊन थांबू नये. फोन उचलल्यापासून रुग्णाला पहिला हात लागेपर्यंतची वेळ लिहावी, कारण तिसऱ्या मजल्यावरचं हॉटेल किंवा बागायतीतून पायी जायचं घर यांत दोन-तीन मिनिटं सहज जातात आणि ती कुठल्याच नोंदीत दिसत नाहीत. पाळी संपल्यावर वापरलेलं सामान त्याच रात्री भरायचं, सकाळवर ढकलायचं नाही. एईडीचा हिरवा दिवा पाहायचा, पॅडवरची तारीख वाचायची, सिलिंडरचं गेज वहीत टिपायचं आणि पेटी उघडी ठेवून तासभर वारा लागू द्यायचा, म्हणजे आतला दमटपणा जातो.